पाणी ‘शुद्ध’ होते, तरी लॅपटॉप कसा बिघडला? नवख्यांसाठी मार्गदर्शन

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या पुण्यातल्या कोथरूडच्या इमारतीतील एक तरुण शेजारी लॅपटॉप पालथा धरून दारात उभा राहिला. कळफलकातून पाणी टपकत होते आणि पडदा अजून चालू होता. “काका, आरओचंच पाणी होतं. शुद्ध पाण्यातून वीज जात नाही ना, म्हणून मी बंद नाही केला. म्हटलं, हातातलं काम संपवून मग पुसू,” असे तो म्हणाला. काम संपायला त्याला वीस मिनिटे लागली होती, आणि त्या वीस मिनिटांतच आतल्या बोर्डाचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

त्याच्या बोलण्यातला एक तुकडा खरा होता. अतिशुद्ध पाणी विजेचे फार दुबळे वाहक असते, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. परंतु त्याच्या पेल्यातले पाणी तसे नव्हते आणि तसे असते तरीही लॅपटॉप चालू ठेवणे चुकीचेच ठरले असते. या दोन्ही गोष्टी घरच्या घरी, थोडक्या खर्चात पडताळून पाहता येतात. भिजलेल्या उपकरणाचे काय करावे हे त्यानंतर सांगितले आहे. ज्यांचे उपकरण आत्ता भिजलेले आहे त्यांनी मधला भाग सोडून थेट तिकडे जावे.

आधी ‘शुद्ध’ या शब्दाची फोड

पाण्याच्या जारवर आणि चौकातल्या थंड पाण्याच्या यंत्रावर ‘शुद्ध पाणी’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ पिण्यास योग्य असा असतो. रसायनशास्त्रात शुद्ध पाणी म्हणजे ज्यात पाण्यावाचून दुसरे काहीही नाही असे पाणी. या दोन अर्थांत मोठी दरी आहे आणि सगळा घोटाळा त्या दरीतच होतो. उकळलेल्या पाण्यातले जंतू मरतात, पण बहुतेक क्षार पाण्यातच राहतात. उलट थोडे पाणी वाफ होऊन गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढूही शकते. आरओ यंत्र बरेचसे क्षार काढून टाकते, पण सगळे नाही, आणि चव राहावी म्हणून अनेक यंत्रांत थोडे मूळ पाणी मुद्दाम परत मिसळलेले असते.

पाण्यातून वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांच्या आयनांमुळे. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट हे भार घेऊन हिंडणारे कण जितके जास्त, तितका प्रवाह जास्त. यातले काहीच नसले तरी पाणी पूर्ण अवाहक होत नाही, कारण पाण्याचे काही थोडे रेणू आपले आपणच हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांत विभागले जातात. २५ अंश सेल्सिअसला हे प्रमाण साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक इतके अल्प असते. फ्रीडरिख कोलराउश आणि आडॉल्फ हायडवायलर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये निर्वात भांड्यांत पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून (म्हणजे पाण्याची वाफ करून ती परत थंड करून) पाण्याची वाहकता किती खाली नेता येते ते तपासले होते. ती शून्यावर गेली नाही. आज मानला जाणारा आकडा २५ अंशांना ०.०५५ मायक्रोसीमेन्स (वाहकतेचे एकक) प्रति सेंटीमीटर असा आहे. समुद्राच्या पाण्याचा हाच आकडा सुमारे ५०,००० असतो. आपल्या घरातले प्रत्येक पाणी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि नेमके कुठे ते मोजल्याशिवाय कळत नाही.

पहिली पायरी: पाणी मोजणे

यासाठी पेनाच्या आकाराचा टीडीएस (एकूण विरघळलेले घन पदार्थ) मीटर घ्यावा. दोन-तीनशे रुपयांचा साधा मीटरही या कामाला पुरतो. त्याच्या नावामुळे तो पाण्यातले क्षार मोजतो असे वाटते, पण प्रत्यक्षात तो दोन टोकांमधली वाहकता मोजतो आणि तिला साधारण ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका ठरावीक गुणकाने गुणून ‘पीपीएम’चा (दहा लाखांत किती भाग) आकडा दाखवतो. म्हणजे ज्यांच्या घरी हा मीटर आहे त्यांच्याकडे वाहकता मोजण्याचे यंत्र आधीपासूनच आहे. दाखवलेला आकडा ढोबळमानाने दुप्पट केला की मायक्रोसीमेन्समधली वाहकता मिळते.

चार स्वच्छ पेले घ्यावेत आणि त्यांत अनुक्रमे नळाचे, बोअरचे किंवा टँकरचे, आरओचे आणि डिस्टिल्ड पाणी घ्यावे. डिस्टिल्ड पाणी म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. बॅटरीच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून मागितले की मिळते, मात्र डब्यावर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड असा स्पष्ट उल्लेख आहे ना ते वाचून घ्यावे. मोजणी डिस्टिल्ड पाण्यापासून सुरू करून खाऱ्या पाण्याकडे जावी, कारण उलट क्रमाने गेल्यास टोकांना चिकटलेला खारा थेंबच पुढच्या पेल्याचा आकडा बिघडवतो. सर्व पेले एकाच तापमानाचे असावेत. पाणी एक अंशाने तापले की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते, आणि स्वस्त मीटरमधली तापमानाची दुरुस्ती जेमतेमच असते.

माझ्या घरी महापालिकेच्या नळाचे वाचन ८० ते ९० पीपीएमच्या आसपास येते. खडकवासला साखळीतले पाणी सह्याद्रीतल्या पावसाचे आणि बसाल्ट खडकावरून आलेले असल्यामुळे ते मुळात मृदू असते. आमच्याच सोसायटीच्या बोअरचे वाचन मात्र ४५० च्या वर जाते. आरओचे ३० ते ४० आणि डिस्टिल्डचे १ किंवा २. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तेव्हा विरघळलेल्या घन पदार्थांच्या बाबतीत यांतले एकही पाणी मर्यादेबाहेर नाही. (ज्यांच्याकडे महापालिकेचे पाणी येते त्यांनी आरओ कशासाठी बसवला आहे, हा प्रश्न मी सोसायटीच्या सभेत एकदा विचारला होता. पुन्हा विचारणार नाही.)

एक सूचना. काही जण मल्टिमीटर (विजेची मापे घेणारे यंत्र) ओहमवर, म्हणजे रोधाच्या मापावर, लावून त्याच्या दोन टोकांनी पाण्याचा रोध मोजू पाहतात. आकडा सतत सरकत राहतो आणि मीटर बिघडला असा समज होतो. मल्टिमीटर एकाच दिशेचा प्रवाह सोडतो, त्यामुळे टोकांपाशी आयन साचतात आणि वाचन बदलत जाते. टीडीएस मीटर दिशा पालटणारा प्रवाह वापरतो तो याच कारणासाठी.

दुसरी पायरी: दिवा लावून पाहणे

आकड्यांवर विश्वास बसत नसल्यास हा प्रयोग करावा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा एक रेझिस्टर, थोडी वायर आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली एवढे साहित्य पुरते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सुटे भाग किरकोळ किमतीत मिळतात. बॅटरी, रेझिस्टर, एलईडी आणि दोन पेन्सिलींची शिसे एकामागोमाग एक जोडावीत आणि पेन्सिलींची खालची टोके एकमेकींपासून दोन सेंटीमीटर अंतरावर पाण्यात बुडवावीत. टोकांकडचे लाकूड सोलून चार सेंटीमीटर शीस उघडे केल्यास परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. स्टीलचे चमचे वापरू नयेत, कारण धन बाजूचा चमचा स्वतःच पाण्यात विरघळू लागतो. या प्रयोगात घरातली २३० व्होल्टची वीज कोणत्याही स्वरूपात वापरू नये.

नळाच्या पाण्यात दिवा नीट लागतो, आणि आरओच्या पाण्यातही लागतो. शेजाऱ्याला मी हे दाखवले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. डिस्टिल्ड पाण्यात दिवा विझल्यासारखा वाटतो, पण खोलीतला उजेड मालवून तळव्याच्या आडोशाने पाहिल्यास आजच्या चांगल्या एलईडीमध्ये एक अगदी क्षीण लाल ठिपका दिसू शकतो, कारण अशा एलईडीला प्रकाशायला मायक्रोॲम्पिअरमधला प्रवाहही पुरतो. आता त्याच डिस्टिल्ड पाण्यात मिठाचे चार-पाच दाणे टाकून ढवळावे. दिवा लख्ख होतो. मीठ घातल्यावर प्रयोग काही सेकंदांतच थांबवावा आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण खाऱ्या पाण्याच्या विद्युत अपघटनात थोडा क्लोरीन वायू तयार होतो.

शेवटी डिस्टिल्ड पाण्याचा नवा पेला घेऊन त्यात फक्त बोट बुडवून ढवळावे आणि मीटरने पुन्हा मोजावे. त्वचेवरच्या घामाचे मीठ पाण्यात उतरल्याने आकडा वाढलेला दिसेल. अगदी अतिशुद्ध पाण्याचा पेला नुसता उघडा ठेवला तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून वाहकता १ मायक्रोसीमेन्सच्या आसपास जाते. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत वापरले जाणारे अतिशुद्ध पाणी म्हणूनच साठवून ठेवत नाहीत. ते नळ्यांतून सतत फिरते ठेवून, गाळत गाळतच वापरावे लागते.

तिसरी पायरी: एक थेंब आणि एक भिंग

येथवर वाचून काही जण म्हणतील की आरओचे पाणी नडले हे ठीक, पण खरोखरीचे डिस्टिल्ड पाणी सांडले असते तर लॅपटॉप वाचला असता. याचे उत्तर एका थेंबात मिळते.

एखादा भंगारातला सर्किट बोर्ड घ्यावा आणि त्यावरच्या तांब्याच्या किंवा कथिलाच्या अगदी जवळजवळच्या दोन उघड्या पट्ट्या निवडाव्यात. चार सेल जोडून मिळणारे ६ व्होल्ट १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्या दोन पट्ट्यांना द्यावेत आणि ड्रॉपरने डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब दोन्ही पट्ट्यांना टेकेल असा ठेवावा. भिंगातून पाहिल्यास आधी बारीक बुडबुडे दिसतात. मग काही मिनिटांत ऋण पट्टीपासून धन पट्टीकडे नेच्याच्या पानासारखे धातूचे नाजूक फाटे वाढत जातात. ते पलीकडे पोचले की दोन पट्ट्या धातूनेच जोडल्या जातात, म्हणजे शॉर्ट होतो.

घडते ते असे. व्होल्टेज असताना धन बाजूचा धातू पाण्यात आयनरूपाने विरघळतो, ते आयन ऋण बाजूकडे जातात आणि तिथे पुन्हा धातू होऊन चिकटतात. यासाठी पाण्यात आधीपासून क्षार असण्याची गरज नसते. लागणारे आयन पट्टीच पुरवते. कारखान्यांत बोर्डाची गुणवत्ता तपासताना नेमका असाच शुद्ध पाण्याच्या थेंबाचा प्रयोग केला जातो. शिवाय वापरातला बोर्ड कधीच स्वच्छ नसतो. त्यावर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा (बोर्डावर भाग डाखताना लावलेल्या रसायनाचा) अवशेष, धूळ, बोटांचे ठसे आणि कळफलकाखाली गेलेला चहा-फरसाण यांचा थर असतो, आणि पाणी त्यावर पडल्याक्षणी त्यातले क्षार उचलते. पेल्यातले पाणी कितीही निर्मळ असो, बोर्डावर पोचेपर्यंत ते तसे राहत नाही.

म्हणून उपकरण वाचते की जाते हे पाण्यापेक्षा दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते: पाणी पडले तेव्हा वीज चालू होती का, आणि पाणी किती वेळ आत राहिले. वीज नसताना डिस्टिल्ड पाणी बोर्डाला जवळपास काहीच करत नाही. उलट अनेक कारखान्यांत सोल्डरिंगनंतर बोर्ड आयनविरहित पाण्यानेच धुतले जातात. भिजलेले उपकरण वाचवण्याची रीत यातूनच निघते.

उपकरण भिजल्यावर करायच्या गोष्टी

प्रथम वीज तोडावी. लॅपटॉप असल्यास चार्जरची पिन काढावी. भिंतीवरचा सॉकेट किंवा आपला हात ओला असल्यास त्याला न शिवता घरातला एमसीबी (वीज तोडणारा स्विच) खाली करावा. मग पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून लॅपटॉप सक्तीने बंद करावा. फाइल जतन करण्यासाठी थांबू नये. बॅटरी काढता येणारी असेल तर ताबडतोब काढावी. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती आत बसवलेली असते आणि ‘बंद’ केल्यावरही बोर्डाच्या काही भागांना वीज मिळतच राहते, त्यामुळे नुकसान आतल्या आत चालू राहू शकते. मागचे झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवता येत असेल तर तो सोडवावा. येत नसेल तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्यावे आणि “वाळवून द्या” असे न सांगता “आधी बॅटरी सोडवा, मग उघडून साफ करा” असे सांगावे. मोबाइल असल्यास तो बंद करावा, सिमचा ट्रे बाहेर काढावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला मुळीच लावू नये. बॅटरी फुगलेली, गरम किंवा फुसफुसणारी वाटल्यास ते उपकरण घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवून लांब राहावे.

दुसरी गोष्ट अनेकांना उफराटी वाटते: काय सांडले ते पाहून उपकरण धुवावे. चहा, सरबत, बोअरचे पाणी किंवा चिखलाचे पाणी आत गेले असेल तर नुसते वाळवण्याने पाणी उडते पण साखर, मीठ आणि माती बोर्डावरच राहते, आणि पावसाळी हवेतली ओल लागली की तोच थर पुन्हा वाहक होतो. महिनाभर व्यवस्थित चाललेला लॅपटॉप अचानक बंद पडतो तो अनेकदा यामुळेच. म्हणून वीज आणि बॅटरी पूर्णपणे सुटलेली असताना, उघडा केलेला बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रशने हलकेच धुवावा आणि नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा धुवावा. अल्कोहोल पाण्याला आपल्यासोबत घेऊन लवकर उडून जाते. ते ज्वालाग्राही असल्यामुळे देवघरातला दिवा आणि गॅस दोन्हीपासून लांब, खिडकीपाशी बसून हे काम करावे. पडदा, कॅमेरा, स्पीकर, पंखा आणि हार्ड डिस्क या भागांना मात्र पाणी किंवा अल्कोहोल लावू नये. ते वेगळे काढून ठेवावेत.

मग वाळवावे. टेबलफॅनच्या वाऱ्यात, शक्य असल्यास एसी चालू असलेल्या खोलीत, किमान ४८ तास. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत कपडेसुद्धा दोन दिवस वाळत नाहीत, मग चिपच्या पोटाखाली केशाकर्षणाने अडकलेले पाणी एका रात्रीत कसे जाईल? हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ठेवल्यास मदत होते. हेअर ड्रायरची गरम हवा लावू नये. तिने प्लॅस्टिक आणि गोंद सैल होतात आणि पाणी आणखी आत ढकलले जाते. आणि तांदळाच्या डब्यात मोबाइल पुरू नये. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, त्याचा पिठूळ भुगा मात्र चार्जिंगच्या खाचेत जातो. ॲपलच्या ग्राहक-सूचनांतही तांदूळ वापरू नका असे स्पष्ट लिहिलेले आहे.

‘आयपी६८’ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचे मानांकन) लिहिलेल्या मोबाइलचे मालक येथे निर्धास्त होतात. त्या मानांकनाची चाचणी गोड्या पाण्यात आणि नव्या उपकरणावर होते. कोकणात समुद्रात बुडवलेल्या किंवा एकदा पडदा बदललेल्या मोबाइलला तो आकडा लागू धरू नये.

पुराच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा फ्रिज, धुलाई यंत्रे आणि इन्व्हर्टर गढूळ, मैलामिश्रित पाण्यात उभे होते. अशा वेळी पाण्यात पाय ठेवण्याआधी इमारतीचा मुख्य वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री करावी. इन्व्हर्टर असल्यास महावितरणची वीज गेली तरी घरातल्या तारांतली वीज जात नाही, हे विसरले जाते. फ्रिज आणि धुलाई यंत्राचे बोर्ड जाणकाराकडून वरीलप्रमाणे धुऊन घेता येतात. मायक्रोवेव्ह आणि इन्व्हर्टर मात्र नवख्यांनी उघडूच नयेत, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते. आणि डिस्टिल्ड पाणी असो वा नळाचे, २३० व्होल्टच्या जवळ ते सुरक्षित आहे असे कधीही समजू नये. ओल्या हाताच्या घामातूनच त्याला आयन मिळतात.

डिस्टिल्ड पाणी नेमके कुठे लागते

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीत पाणी शुद्ध लागते ते वीज वाहू नये म्हणून नव्हे. तिथे वीज वाहण्याचे काम सल्फ्युरिक आम्ल करते. लोह आणि क्लोराइडसारख्या अशुद्धींमुळे प्लेटा खराब होतात आणि बॅटरी न वापरताही उतरत जाते, म्हणून पाणी निर्मळ हवे. आयएस १०६९ हे भारतीय मानक खास बॅटरीच्या पाण्यासाठीच आहे. आरओचे पाणी घालू नये. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी साठवून बॅटरीत घालण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. मीटरवर त्याचा आकडा कमी येतो हे खरे, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात उतरतात, आणि बॅटरीला अपायकारक ठरणारी एवढीशी मात्रा टीडीएस मीटर ओळखू शकत नाही. ते पाणी फरशी पुसायला वापरावे.

वाफेच्या इस्त्रीसाठी सोबतचे पत्रक वाचावे. काही कंपन्या नळाचेच पाणी चालते असे लिहितात. संगणकाच्या द्रव-शीतकरणात नुसते डिस्टिल्ड पाणी भरण्याऐवजी त्यासाठीचे मिश्रण घ्यावे, कारण नळ्या आणि धातूच्या ठोकळ्यांतून फिरता फिरता पाण्याची वाहकता महिन्यागणिक वाढत जाते.

डबा एकदा उघडला की झाकण घट्ट लावून तो सावलीत ठेवावा आणि मीटर डब्यात न बुडवता थोडे पाणी स्वच्छ पेल्यात ओतून मोजावे. आकडा ५ पीपीएमच्या वर गेलेला दिसला तर बोर्ड धुण्यासाठी आणि बॅटरीसाठी नवा डबा आणावा, जुना इस्त्रीसाठी ठेवावा. माझ्याकडचा सध्याचा डबा ३ वर आहे.